मुलींना चाकू हिसकावायला नको, निसटायला शिकवा

प्रति,
विदर्भातल्या खेड्यापाड्यांत शाळकरी मुलींची स्वसंरक्षण शिबिरं घेणारे सर्व प्रशिक्षक, ती शिबिरं भरवणारे मुख्याध्यापक आणि शिक्षण विभागातले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं, भाषणं झाली की आपल्या बहुतेक शाळांच्या मैदानावर आता स्वसंरक्षणाचं प्रात्यक्षिक असतं. कराटेच्या पांढऱ्या पोशाखातली नववी-दहावीची मुलगी उभी राहते. समोरून एक मुलगा लाकडी सुरा पुढे धरून येतो, एकच वार करतो आणि हात तसाच हवेत ठेवून थांबतो. मुलगी त्याचं मनगट पकडते, पिरगाळते, सुरा खाली पडतो, मागोमाग मुलगाही. टाळ्या होतात. सरपंच, पोलीस पाटील, पालक सगळे खूष. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

हे एवढं प्रात्यक्षिक बंद करा, अशी विनंती करायला मी हे पत्र लिहिते आहे. शिबिरं बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. ती वाढली पाहिजेत, वर्षभर चालली पाहिजेत. पण शस्त्र घेऊन आलेल्या माणसाच्या हातातून ते काढून घेता येतं, असा विश्वास पंधरा वर्षांच्या पोरीच्या मनात बसवणं मला फार धोक्याचं वाटतं. त्या विश्वासापायी ती जिथून पळायला हवं तिथे उभी राहील.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शारीरिक शिक्षण शिकवते. कॉलेजात ज्युदो खेळले, पुढे तो शिकवला, आणि मुलींची शिबिरंही घेतली. त्यामुळे तुमच्या कामाची किंमत मला ठाऊक आहे. ज्या घरात पोरीनं मोठ्यानं हसलेलं चालत नाही, त्या घरातली पोरगी तुम्ही मैदानावर आणता आणि तिच्या पोटातून आवाज काढायला लावता, हे लहान काम नाही. पहिल्या आठवड्यात ज्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही, त्या महिनाभरात समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘मागे हो’ म्हणतात. समग्र शिक्षा अभियानातल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिने आणि शाळेमागे महिन्याला ५,००० रुपये, एवढंच हाताशी असतं. तेवढ्यात तुम्ही जे करता त्याबद्दल मला आदरच आहे. म्हणूनच हे तुम्हालाच लिहिते.

एक चाचणी सुचवते, तिला खर्च काही नाही. फूटभर लांबीची बोथट लाकडी पट्टी घ्या, तिच्या टोकाला कापड गुंडाळा आणि त्यावर ओला गेरू फासा. शिबिरातल्या सगळ्यांत तयार मुलीला जुना पांढरा शर्ट घालायला द्या, डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल असू द्या. हल्ला करणारीला बाजूला घेऊन सांगा: एक वार करून थांबायचं नाही. पट्टी मांडीमागे लपवायची, काहीतरी बोलत बोलत जवळ जायचं, डाव्या हातानं तिचं दप्तर किंवा खांदा धरायचा आणि उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा पुढे-मागे चालवायचा. पाच सेकंदांनी शिट्टी वाजवा आणि शर्ट बघा.

आमच्याकडे ही चाचणी झाली तेव्हा पोटावर, बगलेत, मानेजवळ, मनगटांच्या आतल्या बाजूला, सगळीकडे गेरू होता. मुलगी चपळ होती, जिल्हास्तरावर खेळलेली. तिनं मनगट पकडायचा प्रयत्न केलाच, पण ते मनगट एका जागी नव्हतंच. शर्टाकडे बघत ती म्हणाली, “मॅडम, सरायनं शिकवलं तं त्याच्यात दुसरा हात नव्हताच.” इतकं नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपल्या प्रात्यक्षिकातला हल्लेखोर एका हाताचा असतो, एका वाराचा असतो, तो थांबून देतो. खरा हल्लेखोर धरतो, ओढतो, भिंतीशी दाबतो आणि थांबत नाही. शस्त्र तो दाखवतोच असंही नाही. पुष्कळदा ते लागल्यावरच कळतं की हातात काही होतं.

त्यात भीतीचा भाग वेगळाच. जीव धोक्यात आहे असं शरीराला कळलं की छाती धडधडते, हात थरथरतात, नजर अरुंद होते, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. मनगट कुठल्या कोनात पिरगाळायचं हे तीन महिन्यांपूर्वी शिकलेलं गणित त्या क्षणी आठवत नाही. काही मुली जागीच गोठतात. हे शरीराचं वागणं आहे, भित्रेपणा नव्हे, आणि शिबिराच्या पहिल्याच दिवशी हे प्रत्येकीला सांगितलं गेलं पाहिजे. नाहीतर उद्या जिच्यावर काही ओढवेल ती ‘मला तर शिकवलं होतं, तरी मी काहीच केलं नाही’ असं म्हणत स्वतःलाच गुन्हेगार ठरवेल. घाव एकाचा आणि लाज तिची, असं होता कामा नये.

अंतराचंही बघा. अमेरिकेत साल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्युलर यांनी एक साधा प्रश्न घेतला होता: चाकूवाला माणूस पळत आला तर २१ फुटांचं अंतर किती वेळात कापतो? उत्तर आलं, साधारण दीड सेकंद. १९८३ साली ते प्रसिद्ध झालं आणि पुढे जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात सांगितलं गेलं. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायलाही पोलिसाला तेवढाच वेळ लागतो. मुलींच्या कबड्डीच्या मैदानाची एक बाजू सहा मीटरची, म्हणजे जवळपास तेवढीच. तुमच्या मुलींना मध्यरेषेवरून अंतिम रेषेपर्यंत धावत यायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. पिस्तूलवाल्या, शिकलेल्या पोलिसालाही जे अंतर पुरत नाही, त्याहून कितीतरी कमी अंतरावर आपण पोरीला रिकाम्या हातांनी सामना करायला सांगतो आहोत.

आपल्या भागातली शस्त्रंही प्रात्यक्षिकातल्यासारखी नसतात. सुरा क्वचित. इथे इळा असतो, कुऱ्हाड असते, लोखंडी पाइप असतो आणि बाटलीतलं पेट्रोल असतं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला जे घडलं ते आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही. कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर दिवसाढवळ्या, रस्त्यात, पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आलं. आठवडाभर झुंज देऊन १० फेब्रुवारीला तिनं नागपूरच्या दवाखान्यात प्राण सोडला. बरोबर दोन वर्षांनी न्यायालयानं आरोपीला जन्मठेप दिली. तो अनोळखी नव्हता, तिच्याच गावचा होता, आणि त्याचा त्रास त्या सकाळी सुरू झालेला नव्हता. आता सांगा, कोणतं मनगट पिरगाळून ते पेट्रोल थांबलं असतं?

मग शिकवायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. माझ्या मते शिबिराचा अर्धा वेळ पायांवर जावा. पळणं ही शिकवायचीच गोष्ट आहे आणि ती शिकवायला आपल्याकडे खो-खोसारखा खेळ आहे. हुलकावणी, अचानक दिशा बदलणं, खांबाला वळसा घालून सुटणं, मागच्याचा हात पाठीला लागण्याआधी वाकून निसटणं, हे सगळं आपल्या मुली खेळताना करतात. फक्त ते चाकूशी जोडून कुणी सांगत नाही. दप्तर पाठीवर ठेवून पळून बघा, मग टाकून पळून बघा. फरक मुलीला स्वतःला कळू द्या. चपला पायात ठेवून आणि चपला सोडून. उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, शिरावं की डांबरी रस्त्यानं जावं? माझं उत्तर रस्ता, कारण पऱ्हाटीत पाय अडकतो आणि कुणाला दिसतही नाही. पण अंधार असेल, रस्ता सुनसान असेल आणि अंतर मिळालं असेल तर दडून बसणंही चालेल. हे प्रत्येक गावाच्या वाटेनं बदलतं, म्हणून मुलींना त्यांच्या रोजच्या वाटेवर घेऊन जा. शाळकरी मुलींसाठीची मानव विकास कार्यक्रमाची बस चुकली की पुढच्या गाडीनं फाट्यावर उतरून दोन-तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. त्या वाटेवर कुणाचं वावर, कुणाचा गोठा, रात्री दिवा कुठे असतो, कुठल्या घरी नक्की माणूस असतो, हे कागदावर काढून घ्या. हा नकाशा कुठल्याही डावापेक्षा मोलाचा आहे.

चंद्रपूरकडच्या गावांत वनविभाग लोकांना समजावतो की वाघ दिसला तर पाठ फिरवून पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. लोकांनी ते अंगी बाणवलंय, कारण पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. शस्त्रवाल्या माणसापुढे जंगलाच्या बरोबर उलटा नियम आहे: जमेल तितकं लवकर आणि जमेल तितकं दूर. तोही तितक्याच वेळा सांगायला हवा.

पळायला वाट नसेल तेव्हा मध्ये काहीतरी आणायचं. सायकल आडवी करायची, दप्तर छातीशी ढालीसारखं धरायचं, बैलगाडीच्या, बाकाच्या, ट्रॉलीच्या पलीकडे जायचं आणि तो फिरेल तसं फिरत राहायचं. मूठभर माती तोंडावर फेकायची. हात वर घ्यावेच लागले तर पंजे स्वतःकडे वळवून, म्हणजे हाताची बाहेरची बाजू त्याच्याकडे राहील असे, कारण मोठ्या रक्तवाहिन्या आणि स्नायूंच्या दोऱ्या आतल्या बाजूला असतात. मोबाइल, पैसे, कानातलं मागत असेल तर त्याच्या पायाशी न टाकता बाजूला दूर फेकायचं आणि उलट्या दिशेनं सुटायचं. तिखटाची पुडी दप्तरात ठेवायला सांगणारे प्रशिक्षक आहेत. वाऱ्याची दिशा उलटी असली तर ती पुडी पोरीच्याच डोळ्यांत जाते, आणि दप्तराच्या तळातून ती काढायला वेळ कोण देणार?

ओरडायचं कसं, यावर एक अख्खा दिवस घालवा. नुसत्या किंचाळीनं लोक दाराआडून बघतात. नाव घेऊन हाक मारली की माणूस उठतो. “सुधाकरकाका, याच्या हातात इळा आहे, धावा!” या हाकेत कुणी यायचं, काय करायचं आणि धोका कशाचा आहे, तिन्ही आहे. पानठेलेवाले, पिठाच्या गिरणीवाले, एसटीचे कंडक्टर, ज्यांच्यासमोरून मुली रोज जातात, त्यांची नावं मुलींना पाठ हवीत. पोरींकडे मोबाइल नसतो, असला तर रेंज नसते. ११२ लावण्याचं काम त्या काकांनी करायचं आहे, आणि ते त्यांनाही आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही मुलीनं कधीही मान्य करू नये: “चूप, गाडीवर बस.” शस्त्र दाखवून दुसरीकडे नेणारा माणूस तिला अशा ठिकाणी नेतो जिथे ऐकणारं कुणी नाही. लढायचं, पळायचं, गाडीवरून अंग टाकून द्यायचं, जे करायचं ते इथे, वस्तीजवळ, रस्त्यावर. यात धोका आहे हे मी नाकारत नाही. पुढच्या जागी तो जास्त आहे.

आणि खरंच कोपऱ्यात सापडली, मागे भिंत, पुढे तो? तेव्हा लढायचंच, आणि तेव्हा तुमचं शिकवणं कामाला येईल. पण डाव एकच ठेवा. शस्त्राच्या हातावर आपले दोन्ही हात, मनगटाच्या वर घट्ट, तो हात आपल्या अंगाशी किंवा भिंतीशी दाबून ठेवायचा, सोडायचा नाही, आणि डोकं, गुडघा, दात, टाच सगळं वापरत राहायचं, पकड ढिली झाली की सुटायचं. यात जखम होणार, हे मुलीला स्पष्ट सांगा. हाताला कापलं तरी थांबायचं नाही, हेही सांगा. हा डाव ठरवून दिलेल्या पावलांनी बसवू नका. ओढाताणीत, चिखलात, दम लागलेला असताना करून घ्या, समोर हट्टानं न सोडणारी मुलगी ठेवून. आठ डाव अर्धवट येण्यापेक्षा एक अंगात मुरलेला बरा.

त्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल आपली शिबिरं काहीच बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. सुटून आलेल्या मुलीला आपल्याला लागलंय हे पुष्कळदा कळतच नाही. म्हणून आधी तिचं अंग बघायचं: पाठ, बगल, मांड्या. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घेऊन सगळ्या ताकदीनं दाबायचं आणि दाब काढून ‘थांबलं का’ बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावर दुसरं. पातं रुतून बसलं असेल तर उपसायचं नाही, कारण तेच रक्त अडवून धरतं. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर रक्त असतं, मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. १०८ ची गाडी तालुक्याहून येईपर्यंत जीव वाचवणारे हात गावातलेच असतात. पेट्रोलनं पेटलेल्या माणसाला पळू द्यायचं नाही, जमिनीवर लोळवायचं, गोधडीनं किंवा जाड सुती चादरीनं आग दाबायची, मग वीस मिनिटं साधं पाणी सोडत राहायचं. हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही. ॲसिड असेल तर भिजलेले कपडे उतरवून लगेच हापशीखाली धरायचं, निदान वीस मिनिटं पाणी, तेही धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही असं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांना एका दुपारी बोलावलं तर हे सगळं त्या तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं शिकवतील.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. शस्त्र शेवटी येतं. त्याच्या आधी महिने गेलेले असतात. फाट्यावर रोज उभं राहणं, बसमागे गाडी, वहीत चिठ्ठी, मैत्रिणीमार्फत निरोप, नंबर मिळवून रात्री फोन, ‘नाही’ म्हटल्यावर शिवी, मग धमकी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात बलात्काराच्या सुमारे ९६ टक्के गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा होता. आपण मात्र शिबिरात अंधारातून येणारा अनोळखी गुंड उभा करतो. ओळखीच्या मुलाचं, नात्यातल्या माणसाचं, गल्लीतल्या ‘दादा’चं काय करायचं, ते शिकवत नाही.

मुली सांगत का नाहीत? कारण सांगितलं की शाळा बंद होते. “उद्यापासून जाऊ नको” हा घरचा पहिला निर्णय असतो, आणि दुसरा स्थळ बघण्याचा. पोरगी हे चांगलं ओळखून असते. एका मुलीनं मला विचारलं होतं, “मॅडम, सांगतो मी, पण बाबाले नका सांगू. थे शाळाच सोडवतीन.” त्रास देणाऱ्याचं काहीच जात नाही आणि जिला त्रास होतो तिचं सगळं जातं, ही आपल्या गावांची रीत तोडल्याशिवाय कुठलाही ब्लॉक, कुठलीही किक उपयोगाची नाही. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे: शिबिराचा एक दिवस पालकांसाठी ठेवा. खास करून बापांसाठी. त्यांच्याकडून सगळ्यांसमोर एक शब्द घ्या की पोरीनं त्रास सांगितला तर तिची शाळा बंद करणार नाही. बाप माणूस चारचौघांत दिलेला शब्द पाळतो, असा माझा विश्वास आहे.

मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या शाळांत कागदावर आहेत, त्या खऱ्या करा. अठराच्या आतल्या मुलीचा पाठलाग, तिच्याशी अश्लील बोलणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशी गोष्ट कानावर आल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. हे शिक्षकांना लागू आहे, प्रशिक्षकांनाही लागू आहे. अठराच्या वरच्या मुलीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे: पाठलागाला पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. हद्द आमची नाही असं सांगून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तंटामुक्त समितीत बसवून ‘मुलगा चुकला, माफ करा’ म्हणत मिटवण्याची ही प्रकरणं नव्हेत. अशा मिटवामिटवीनंतर पोराला वाटतं, आपल्याला गावाची मोकळीक आहे.

आधीच ओळखायला शिकवणारं प्रशिक्षण उपयोगी पडतं, याला आधार आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लिन सेन यांनी पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना १२ तासांचं प्रशिक्षण. पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांत हातापायांचं काम थोडं होतं. जास्त वेळ गेला तो ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका हेरण्यात, ‘तो तसा नसेल’ ही मनाची समजूत बाजूला सारण्यात आणि भीड मोडून विरोध करण्यात. कॅनडातली कॉलेजची मुलगी वेगळी आणि आपली एसटीतून येणारी पोरगी वेगळी, हे मला मान्य आहे. भीड मात्र आपल्या पोरींना जास्तच आहे.

कायद्याचं एक बळ मुलींना जरूर द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे जिवाची, गंभीर इजेची, बलात्काराची, पळवून नेण्याची किंवा ॲसिड टाकण्याची वाजवी भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही, हे कलम ३७ सांगतं, म्हणजे तो पळत सुटल्यावर मागे धावून मारायचं नाही. “मी त्याला चावले तर माझ्यावरच केस होईल का?” असं मुली खरोखर विचारतात. त्यांना सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

काही प्रशिक्षक मित्र म्हणतात, “पळायला शिकवलं तर मुली भेकड होतील. जिजाऊंच्या मातीत हे शोभत नाही.” त्यांच्या भावनेचा मला मान आहे. पण सिंदखेडराजाच्या त्या लेकीचा पोरगा पन्हाळ्याच्या वेढ्यातून रात्री निसटला, आग्र्याहून निसटला, आणि म्हणून पुढचं राज्य उभं राहिलं. निसटण्याला तिथे कुणी भेकडपणा म्हणत नाही. आपल्या आखाड्यांतही हेच शहाणपण आहे. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं विदर्भातल्या किती पिढ्यांच्या हातात लाठी दिली! लाठी चालवणारा आधी अंतर शिकतो: समोरच्याला आपल्या टप्प्याबाहेर ठेवायचं, पाय हलते ठेवायचे, घेरा पडू द्यायचा नाही. लाठी घेऊन कुणी कॉलेजात जाणार नाही, पण ते पाय आणि ती नजर जाऊ शकते. जुन्या आखाड्यातले कुणी वस्ताद गावात असतील तर त्यांना शिबिरात बोलवा.

मुलग्यांनाही मैदानात घ्या. आजवर त्यांचा उपयोग आपण फक्त लाकडी सुरा धरायला केला. त्यांच्याशी नकार पचवण्याबद्दल बोला, आणि मित्र कुणाच्या मागे लागला असेल तर त्याला अडवायचं कसं हेही. धावून आलेल्या पोरांनी शस्त्रवाल्याला एकट्यानं भिडायचं नाही, चार-पाच जणांनी मिळून, लांब काठ्या, बाजा म्हणजे खाटा, खुर्च्या पुढे करून त्याला थोपवायचं आणि आधी मुलीला बाहेर काढायचं.

अधिकारी मंडळींना एवढंच सांगते की तीन महिने शिकवून नऊ महिने विसरू देणारी योजना अर्धीच आहे. आठवड्यातला शारीरिक शिक्षणाचा एक तास वर्षभर यासाठी द्या, प्रशिक्षकाचं मानधन वेळेवर द्या, आणि अहवालात किती मुलींनी प्रमाणपत्र घेतलं याबरोबर हेही विचारा की वर्षभरात किती मुलींनी त्रास सांगितला आणि त्यातल्या किती जणी अजून शाळेत येतात.

प्रात्यक्षिक हवंच असेल तर येत्या २६ जानेवारीला हे दाखवा: मुलगी दप्तर टाकून सुटते, नाव घेऊन हाक मारते, पानठेलेवाले काका खरोखर उठतात, कुणी ११२ लावतं, दोघं कापड घेऊन धावतात, पोलीस पाटील आपल्या जागी पोचतात. गावाचीही तालीम होईल.

आमच्या शाळेचं मैदान दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर दर रविवारी सकाळी मोकळं आहे. आसपासच्या तालुक्यांतल्या प्रशिक्षकांनी आपापल्या दोन-दोन मुलींना घेऊन यावं. आपण मिळून तीन महिन्यांचा नवा अभ्यासक्रम बसवू आणि पुढच्या सत्राआधी शिक्षण विभागाकडे देऊ. माझ्या म्हणण्यात जिथे तुम्हाला चूक दिसते तिथे मैदानावर करून दाखवा, मी शिकायला तयार आहे. जेवणाची सोय आम्ही करू.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका
यवतमाळ जिल्हा